केटामाइन-झायलाझिनची भूल उतरवताना माइस (प्रयोगशाळेतले छोटे उंदीर) ताठरतात, मदत हवी आहे

प्रश्न: माइस, वजन साधारण २५ ग्रॅम. केटामाइन १०० आणि झायलाझिन १० मिग्रॅ/किलो, पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने. काम १५ मिनिटांत आटोपतं, म्हणून लगेच उतारा म्हणून अ‍ॅटिपामेझोल १ मिग्रॅ/किलो त्वचेखाली देतो. प्राणी हलतो खरा, पण पाय ताठ आणि मधूनमधून झटके. डोस वाढवू का? शिवाय हिशेबाने ०.००५ मिली येतं, ते मोजायचं कसं?

उत्तर १: डोस अजिबात वाढवू नका. अ‍ॅटिपामेझोल झायलाझिनला अल्फा-२ रिसेप्टरवरून (पेशीवरच्या ज्या जागी ते चिकटून काम करतं तिथून) हुसकावतं, बस्स. केटामाइनला उतारा नाही. १५व्या मिनिटाला झायलाझिनचा असर काढून घेतलात की मागे उरतं नुसतं केटामाइन, आणि ताठरपणा, झटके ही त्याचीच लक्षणं. भुलीच्या इंजेक्शनपासून निदान ३०-४० मिनिटं जाऊ द्या. मागच्या पायाचं बोट चिमटल्यावर प्राणी पाय ओढू लागला की मग उतारा द्या.

मोजण्याचं म्हणाल तर ५ मिग्रॅ/मिलीच्या बाटलीतून ०.२ मिली घ्या आणि ९.८ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळा. झालं ०.१ मिग्रॅ/मिली, २५ ग्रॅमला ०.२५ मिली. झायलाझिनने लघवी वाढते, त्यामुळे तेवढं सलाइन गेलेलं बरंच.

खरं तर १५ मिनिटांच्या कामाला आयसोफ्लुरेन (हुंगवून द्यायची भूल) मिळत असेल तर हा खटाटोपच नको.

उत्तर २: उताऱ्याबरोबर झायलाझिनचं वेदनाशमनही जातं. चिरफाड असेल तर मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक ५ मिग्रॅ/किलो त्वचेखाली आधीच देऊन ठेवा, उतारा दिल्यावर नव्हे.

प्रश्नकर्ता: काही सकाळी पिंजऱ्यात मेलेले सापडतात. तेही उताऱ्यामुळे?

उत्तर २: आधी गारठ्याचा संशय घ्या. एवढासा जीव भुलीत झपाट्याने थंड पडतो, आणि थंड शरीरात औषध विघटित व्हायलाही वेळ लागतो. पहिल्या इंजेक्शनपासून उठून चालेपर्यंत ३७ अंशांची गरम गादी हवी. शुद्धीवर येताना ती पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे जाग आलेल्याला बाजूला सरकता येतं. खाली भुसा नको, नाकातोंडात जातो. टिश्यू पेपर अंथरा. जागे आणि बेशुद्ध एकत्र ठेवू नका, जागे बेशुद्धांना चावतात. भुलीत डोळे उघडेच राहतात, डोळ्यांचं मलम लावा.

प्रश्नकर्ता: अ‍ॅटिपामेझोल संपलं तर योहिम्बिन?

उत्तर १: चालतं, २ मिग्रॅ/किलो. पण ते अल्फा-२ पुरतं तितकं नेमकं नाही. एकाने भागलं नाही म्हणून वर दुसरं देऊ नका. आणि औषध बदलताय तर प्रोटोकॉलमध्येही (प्रयोगाच्या मंजूर आराखड्यातही) बदल मंजूर करून घ्या.