पुन: पुन: शनिवारच्या लावणीसाठी ८५ की १३५? आज रात्रीच बुक करायचंय

मंडळी,
भाड्याच्या लेन्सचं बुकिंग आज रात्री बंद होतंय. खजिनदारांनी एकाच लेन्सचे पैसे मंजूर केलेत. हॉल तोच, फ्लॅशला बंदी तीच, कॅमेऱ्याची बॉडीही मंडळाचीच कॅनन ५डी मार्क ३. गणपतीत आपल्या २४-१०५ झूम लेन्सवर एफ ४ (एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त) आणि शटर १/१२५ सेकंद ठेवूनसुद्धा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो खरखरीत) १२८०० पर्यंत गेलं आणि नऊवारीच्या जरीचा नुसता चिखल झाला. कॅननची ८५ मिमी एफ १.८ घेऊ की १३५ मिमी एफ २? सिग्माची ५० मिमी आर्ट लेन्सही शिल्लक दिसतेय. मी चौथ्या रांगेत असेन, तिथून स्टेज आठेक मीटर.
– फोटो समिती

---

८५ घे. आठ मीटरवरून कॅमेरा उभा धरलास तर १३५ मध्ये सव्वादोन मीटरसुद्धा उंची मावत नाही. नाचणारीने हात वर केला की बोटं कापली जाणार, नाहीतर घुंगरं. ८५ मध्ये ३.४ मीटर मिळतात. ५० मध्ये पावणेसहा, म्हणजे निम्मा फोटो पडद्याचा.

एफ ४ वरून १.८ वर आलीस की जवळपास पाचपट प्रकाश, पण तो सगळा आयएसओ उतरवायला मिळणार नाही. लावणीला १/१२५ पुरत नाही. १/२५० ला ५००० लागेल, १/५०० ला पुन्हा १०००० च्या घरात. म्हणून गिरकीच्या मागे लागू नकोस. समेवर ती थांबते, मान वळवते, तेवढा क्षण धर.
– जुन्या फोटो समितीतला काका

---

काका, ८५ वाइड ओपनला, म्हणजे एफ १.८ ला, जरीच्या काठाला जांभळी कड सोडते. मागून लाइट असेल तर फारच. २.८ वर कमी होते, पण मग प्रकाशाचा फायदा गेला. १३५ एफ २ लाही स्वच्छ आहे आणि १.८ ते २ मध्ये फरक तिसऱ्या हिश्श्याच्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). ताईंनी चार मीटर मागे जावं. बारा मीटरवरून १३५ मध्येही ३.२ मीटर मावतात.
– ढोलपथक

---

बारा मीटरवर मधल्या वाटेत व्हिडिओचा ट्रायपॉड असतो, हे दर वर्षी सांगावं लागतं. मागच्या वेळी अभंग चालू असताना कुणीतरी पूर्ण कडवंभर समोर उभं होतं. ती टेप ज्यांच्या आईंनी गायलं त्यांना मी कशी देऊ? शिवाय त्या हॉलच्या एलईडींच्या लुकलुकण्यामुळे १/२५० ला फोटोत आडवे पट्टे येतील. मी १/६० वर असतो, मला येत नाहीत.
– व्हिडिओ

---

पट्टे सगळ्या लाइटना येत नाहीत. समोरचे जुने हॅलोजन आहेत, एलईडी फक्त मागच्या रंगीत. लावणीला मी समोरचेच जास्त ठेवतो. पण आयत्या वेळी "थोडं निळं द्या" म्हणू नका, क्यू-शीट बुधवारीच पक्की झालीये.
– प्रकाशयोजना

---

जांभळ्या कडेपेक्षा फोकसचं बघा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हीच ८५ वापरली होती, दोन मीटरवरून, एफ १.८ ला. तिथे स्पष्ट भाग पुढेमागे मिळून जेमतेम सहा सेंटीमीटर. माझ्या सासूबाईंचा एकच छान फोटो आला, त्यात नथीचा मोती न् मोती मोजता येतो आणि डोळे धूसर. त्या आता नाहीत, म्हणून तो फोटो अजून सलतो. घरी येऊन टेबलावर मसाल्याचे पाच डबे तिरके मांडले, मधल्या गोड्या मसाल्यावर फोकस केला, तर अक्षरं स्पष्ट आली ती पुढच्या हळदीच्या डब्यावरची. म्हणजे लेन्स अलीकडे फोकस करत होती. ५डी मार्क ३ मध्ये मायक्रोॲडजस्टमेंट (फोकस किंचित पुढेमागे सरकवायची सोय) आहे, त्यात प्लसकडे, म्हणजे मागे, सरकवत नेलं तेव्हा जमलं. भाड्याची लेन्स दर वेळी वेगळी येते, त्यामुळे हे पुन्हा करावंच लागेल. आठ मीटरवर ८५ ला ९५ सेंटीमीटर मिळतात, तिथे एवढं जाणवणार नाही.
– हळदीकुंकू समिती

---

मग स्टेजवरच्या ग्रुप फोटोचं काय? दोन रांगांत नऊ जणी आहेत. गेल्या वर्षी मागच्या रांगेतली एकही ओळखू आली नाही आणि त्यांच्या घरून मला फोन आले.
– खजिनदार

---

तो एफ ४ ला, आपल्याच २४-१०५ ने. सगळ्या स्थिर उभ्या असतात, १/६० ला घ्या.
– जुन्या फोटो समितीतला काका

---

८५ बुक केली, शुक्रवारी दुपारी येईल. व्हिडिओकाका, मी चौथ्या रांगेच्या डाव्या टोकाला बसेन, वाटेत येणार नाही. प्रकाशदादा, रंगीत तालमीत समोरच्या लाइटवर पाच मिनिटं द्याल का, पट्टे येतात का ते १/२५० ला बघून घेते. आणि वहिनी, मायक्रोॲडजस्टमेंट करताना तुम्ही शेजारी हव्यात. डबे मी घरून आणते.
– फोटो समिती