रात्री झोपण्याआधी तुमच्या घरी काय उकळतं?

कामावरून घरी पोचेपर्यंत दहा वाजतात आणि गाडीतला गलका डोक्यातून जात नाही, असं आपल्यातले कितीतरी जण सांगतात. अशा वेळी तुम्ही घरी कुठला बिनपत्तीचा चहा किंवा काढा करता? प्रमाणासकट लिहा.

दादर : आमच्याकडे गवती चहा. दीड कप पाण्याला चार पाती, कात्रीने बारीक कापून. उकळी आली की गॅस बंद आणि लगेच झाकण, सात-आठ मिनिटं. पातीचा तो लिंबासारखा वास सिट्रल या तेलकट सुगंधी द्रव्याचा. खळखळ उकळत ठेवलं तर तो वाफेबरोबर उडून जातो, स्वयंपाकघर घमघमतं आणि पेल्यात नुसतं हिरवट पाणी उरतं. झाकणाला धरलेले थेंबसुद्धा मी पेल्यातच झटकते. साखर नाहीच, वाटलं तर आल्याचा छोटा तुकडा.

भांडुप : मी नर्स आहे, रात्रपाळी असली की दिवसा झोपावं लागतं. माझं कळकळीचं सांगणं एकच, झोपेच्या आधी चहापत्ती नको. अंगातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. मी कॅमोमाइलची सुकी फुलं आणते, चमचाभर फुलांवर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकते. हे शेवंतीच्या कुळातलं फूल आहे, त्यामुळे शेवंतीची किंवा गाजरगवताची ॲलर्जी असेल त्यांनी घेऊ नये.

गिरगाव : सासूबाई बडीशेप, वेलची आणि ज्येष्ठमध घालायच्या. चव फार छान, पण त्यांना बीपी आहे आणि ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, म्हणून डॉक्टरांनी ते बंद केलं. आता फक्त बडीशेप, थोडी ठेचून. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे मनावर घ्याच.

लालबाग : चहा नाही, पण गरम दुधात जायफळ उगाळून. चिमटीभरच! जास्त पडलं तर मळमळतं, छाती धडधडते, भ्रमही होतो. लहान मुलांना तर नकोच.

मुलुंड : दादरच्या ताई, झाकणाचं अगदी पटलं. बाजारातल्या गवती चहाच्या जुडीचा वास दोन दिवसांत उतरतो, म्हणून मी ग्रिलमध्ये कुंडीत लावलाय. ऊन भरपूर हवं, पाणी साचू द्यायचं नाही. बुंध्याशी चार बोटं ठेवून पाती कापली की पुन्हा फुटते. माझा ठोंब आता कुंडीत मावत नाही, पावसात वेगळा करणार आहे. पूर्वेला राहणाऱ्या कुणाला हवा असेल तर सांगा, मुळासकट देते.