नावं जोडायला & पुरे म्हणे!

निपाणीचा गडी: काल इथं एकानं ठोकून दिलं, "एक्सेलच्या टेबलातले कॉलम जोडायला & पुरे, टेक्स्टजॉइन फॉर्म्युला ही नुसती शायनिंग." गप्प बसवेना. आमच्या दूध संस्थेची सभासद यादी तीन कॉलमांत: नाव, वडील किंवा नवरा, आडनाव. मी & नंच, मधे एकेक स्पेस देऊन जोडली. मधला रकाना कोरा तिथं दोन स्पेस पडले. डोळ्याला दिसतात काय ओ ते? व्हीलूकअपला, म्हणजे नाव हुडकणाऱ्या फॉर्म्युल्याला, बँकेच्या यादीत नेमकी तीच माणसं सापडेनात. बोनसादिवशी एक म्हातारी काउंटरला, "माझंच नाव कसं नाही रे बाळा?" टेक्स्टजॉइनला दुसऱ्या जागी ट्रू दिलं की कोरे रकाने गाळतंय. ही शायनिंग?

खानापूर हिशेबनीस: ट्रिम ऐकलंय का कधी? & नं जोडा, वरून ट्रिम, जादाचे स्पेस गायब. तुमचं टेक्स्टजॉइन एक्सेल २०१९ चं. आमच्या हापिसात २०१६. फॉर्म्युल्यावर एंटर मारलं की नेम एरर. साहेब आधी माझ्याकडं बघतात.

चंदगड रोड: ते राहू दे, आडनाव शेवटी का? माझ्या एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) कार्डावर शेवटी, कोल्हापूरच्या कॉलेजात पहिलं. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे ॲफिडेव्हिट करून सांगितलंय मी!

शहापूर पेठ: तुमचं तरी आडनाव आहे. माझ्या भावाच्या कागदावर नुसतं इनिशियल. गावाच्या रकान्यात अर्धे बेळगाव, अर्धे बेळगावी. ते कुठल्या फॉर्म्युल्यानं जोडणार?

खानापूर हिशेबनीस: धागा कॉलमचा आहे. सीमाप्रश्न दुसरीकडं.

चंदगड रोड: कॉलमचाच तर प्रश्न! नाव ते आडनाव अशी अख्खी रेंज दिली की टेबलातल्या क्रमानंच जोडलं जाणार. आडनाव आधी पाहिजे तर एकेक कॉलम वेगळा लिहा. म्हणजे & सारखंच टायपिंग की!

निपाणीचा गडी: बरं बाबा, ट्रिमनं काम होतं, मान्य. झालं समाधान? पण माझ्या दुसऱ्या यादीत पत्त्याचे अकरा कॉलम आहेत, तिथं & टाइप करत बसा तुम्ही. २०१६ मध्ये.

शहापूर पेठ: म्हातारीला बोनस मिळाला का ते सांगा आधी.

निपाणीचा गडी: मिळाला. पावती पेनानं लिहिली.