विजेची गाडी की इंधनाची : खिशातून खरंच किती जातं?

शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाडीबद्दल (ईव्हीबद्दल) ‘किलोमीटरला एक रुपया’ ऐकून ऐकून कान किटले. इथे विमा, टायर, सर्व्हिसिंग, वीजबिल सगळं धरून लिहा. आणि कृपा करून आधी हे सांगा, की चार्जिंग कुठे करता आणि महिन्याला किती फिरता. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

पुणे, सोसायटीत फ्लॅट, महिना हजारेक किमी
सुरुवातीला घरच्याच मीटरवरून चार्जिंग. घरचा वापर आधीच अडीचशे युनिट, त्यात गाडी आली आणि महावितरणच्या तीनशेवरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसलो. तिथे सगळे आकार धरून युनिट पंधराच्या पुढे. एका युनिटला गाडी सातेक किमी जाते, शिवाय प्लगमधून घेतलेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही, दहा टक्के तरी वाटेत जाते. म्हणजे किमीला अडीच रुपये. कुठे तो एक रुपया! तरी जुनी पेट्रोल गाडी शहरात 15 ची सरासरी द्यायची, लिटर 104 ने किमीला सात पडायचे.
मग ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्यायचं ठरवलं. अध्यक्षांना आगीची धास्ती, खजिनदारांना लोडची, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ‘आमच्या भिंतीवरून केबल का?’ एनओसी मिळेपर्यंत दिवाळी उलटली. आता दर घरगुती वरच्या स्लॅबपेक्षा बराच खाली आहे, किमी दीड रुपयाच्या आसपास बसतो.

नाशिक, बंगला
छतावर 3 किलोवॅट सोलर, केंद्राचं 78,000 अनुदान मिळालं. दिवसाला सरासरी बारा युनिट, आषाढ-श्रावणात विचारू नका. नेट मीटर (दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वळती करणारं) असल्यामुळे रात्री गाडी लावली तरी हिशेब जुळतो.

सांगली, पेट्रोल, महिना चारशे किमी
मी ईव्ही घेतली नाही. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीत तीन लाखांचा फरक सांगितला. किमीला पाच रुपये वाचले तरी वर्षाला 24,000. फरक भरून निघायला साडेबारा वर्षं, कर्जाचं व्याज वेगळंच. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं. पुढे काय ते तुम्हीच सांगा.

ठाणे, सीएनजी
किमीला साडेतीन. पण पंपावरच्या रांगेचे पैसे कोण धरतं? डिकी गेली, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी). तरी सोसायटीत पार्किंगच नाही म्हटल्यावर दुसरं काय घेणार?

छत्रपती संभाजीनगर, नागपूरला वारंवार
समृद्धीवर 120 ने हाकली की युनिटला पाच किमीसुद्धा मुश्किल. फास्ट चार्जरचा दर वीसच्या वर, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे किमी पाच रुपये! माझी आधीची डिझेल गाडी याहून स्वस्तात जायची. पारडं फिरतं ते टोलमुळे. एप्रिल 2025 पासून कारला किमीमागे 2.06 रुपये टोल आहे, आणि त्याच वर्षीच्या राज्याच्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई–पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर ईव्हीला माफी आहे. टोल कापला तर जात नाही ना, यासाठी फास्टॅगचे मेसेज मात्र बघत जा.

पनवेल
सर्व्हिसिंग नावालाच : केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट. रीजनमुळे (वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते आणि वीज बॅटरीत परत जाते) ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. टायर मात्र लवकर गेले, गाडी जड आणि पिकअप जोरात. विम्यात थर्ड पार्टीला 15 टक्के सूट आहे, पण गाडीची किंमतच जास्त, त्यामुळे ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता ती खाऊन टाकतो. झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारा विमा) आणि बॅटरीचा विमा घ्याच. गावच्या रस्त्यावर खालून दगड लागला, बॅटरीच्या खालच्या झाकणाला पोचा आला, आणि वर्कशॉपने थेट अख्ख्या पॅकचं एस्टिमेट हातात दिलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर अडून बसला म्हणून नुसत्या झाकणावर भागलं.

कोल्हापूर
विकायला काढा, मग कळेल. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा बॅटरीच विचारतो. हेल्थ रिपोर्ट काढून ठेवला तरी ‘पण नवीन कितीला पडते?’ आहेच. भावाची तेवढीच जुनी पेट्रोल गाडी आठवड्यात गेली, माझी अजून दारात आहे. कुणी एवढ्यात विकली असेल तर किंमत किती आली ते लिहा.