बॅक रिव्हर आणि ग्रेट फिश रिव्हर एकच का?

पंचवटीकर_७: मंडळी एक शंका आहे. पावसानं घरातच अडकलोय म्हणून आर्क्टिकमध्ये गेलेल्या ब्रिटिश कप्तान जॉन फ्रँकलिनच्या हरवलेल्या जहाजांबद्दल वाचत बसलोय, एरेबस आणि टेरर. त्यात लिहिलंय की लोकं जहाजं सोडून ग्रेट फिश रिव्हरकडे निघाली, पण मॅपवर कॅनडाच्या उत्तरेला ती काही सापडेना, तिथं बॅक रिव्हर दाखवतंय. एकच का दोन? आणि एवढी लांब नदी, काठाला एक पण गाव नाही? झूम करून करून बोटं दुखली, नुसती तळीच तळी.

नकाशेवाला: एकच. आपण नाही का गोदावरीला गंगा म्हणत, 'गंगेला पाणी आलं' म्हटलं की बाहेरचा माणूस चक्रावतो, तसंच. मूळ नाव तिथल्या डेने आदिवासींचं, त्याचाच अर्थ घेऊन इंग्रजांनी ग्रेट फिश रिव्हर केलं. १८३४ मध्ये जॉर्ज बॅक नावाचा ब्रिटिश नौदल अधिकारी होडीतून मुखापर्यंत गेला, मग त्याचं नाव लागलं. गंमत म्हणजे तो इंग्लंडहून निघाला होता आर्क्टिकमध्ये बेपत्ता झालेल्या जॉन रॉस ह्या दुसऱ्या ब्रिटिश दर्यावर्दीला शोधायला, आणि रॉस सुखरूप सुटल्याची बातमी ह्याला नदीत उतरायच्या आधीच मिळाली, तरी गडी गेलाच, किनाऱ्याचा नकाशा करायचा म्हणून.

सिडको_भूगोल: तळ्यांचं सांगतो. सगळा कॅनेडियन शील्डचा जुना टणक खडक, हिमनद्यांनी खरवडलेला, खाली जमीन कायम गोठलेली त्यामुळे पाणी मुरत नाही, खड्ड्यात साठतं आणि नदी एका तळ्यातून दुसऱ्यात उतरते. पेली, गॅरी, मॅकडूगल अशी मोठी तळी वाटेतच आहेत. लांबी साधारण ९७४ किमी आणि बॅकनं ८३ रॅपिड (खडकांवरून जोरात उतरणारे खळाळ) मोजले होते. झाडं जवळपास नाहीतच, जळण आणणार कुठून?

पण 'कोणी राहतच नव्हतं' असं समजू नका हां. गॅरी लेकला इनुइट (उत्तरेकडचे आदिवासी) होते, कॅरिबू म्हणजे तिथली रानटी हरणं आणि मासे ह्यावर जगायचे. १९५८ च्या उपासमारीत बरेच गेले आणि वाचलेल्यांना दुसरीकडे हलवलं. गाव दिसत नाही त्याला हे पण कारण.

पंचवटीकर_७: बापरे, हे माहीतच नव्हतं. मग फ्रँकलिनची लोकं तिकडं का निघाली?

नकाशेवाला: त्यांची चिठ्ठी आहे ना, १८५९ मध्ये कॅनडाच्या उत्तरेच्या किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगाऱ्यात सापडलेली. छापील फॉर्म, त्याच्या कडेच्या कोऱ्या जागेत गोल फिरवून लिहिलंय, तारीख २५ एप्रिल १८४८, फ्रँकलिन वारला, १०५ जण उरलेत, आणि उद्या 'बॅक्स फिश रिव्हर'कडे निघतोय. बघा, दोन्ही नावं एकत्रच. बेत बहुतेक नदीनं वर चढत ग्रेट स्लेव्ह लेककडच्या व्यापारी ठाण्यावर पोचायचा असावा.

सिडको_भूगोल: म्हणजे ते ८३ रॅपिड उलटे चढायचे, आजारी माणसं घेऊन आणि त्याआधी बोटी बर्फावरून ओढत मुखापर्यंत न्यायच्या. बॅकची माणसं धडधाकट होती तरी दमली.