मदत हवी आहे: लिसफ्रँक फ्रॅक्चर-डिसलोकेशनला एक कोड की दोन? आणि सातव्या अक्षराचा घोळ

कळवा_फिजिओ:

नमस्कार मंडळी. मी बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) केलंय. दीड वर्ष ठाण्यातल्या एका क्लिनिकमध्ये काम केलं आणि जूनपासून ऐरोलीला मेडिकल कोडिंगमध्ये ट्रेनी आहे. चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, अमेरिकेतले, म्हणून निदानांना कोड द्यायची तिथली पद्धत: आयसीडी-१०-सीएम. ऑर्थोची बॅच मिळाली तेव्हा फार आनंद झाला होता, पावलाची हाडं मला तोंडपाठ आहेत. आणि नेमकी तिथेच अडकले. गेल्या आठवड्याच्या ऑडिटमध्ये तीन चुका आल्या, तिन्ही पावलाच्या डिसलोकेशनच्या, म्हणजे सांधा निखळण्याच्या. शेरा म्हणून फक्त 'योग्य कोड' लिहून येतो, कारण कोणी लिहीत नाही. ट्रेनर म्हणाले, गाइडलाइन वाच. दोनदा वाचली, तरी पहिली चूक मनाला पटत नाहीये.

खरा चार्ट इथे टाकणार नाही, तो टाकायचाच नसतो. त्याच धर्तीची उदाहरणं मी स्वतः रचली आहेत. अक्षरं देवनागरीत लिहितेय, समजून घ्या.

पहिलं. बाइकवरून पडलेला पेशंट, डावं पाऊल. डॉक्टरांचं निदान: लिसफ्रँक फ्रॅक्चर-डिसलोकेशन, दुसऱ्या मेटाटार्सलच्या (बोटामागच्या लांब हाडाच्या) बेसला डिस्प्लेस्ड, म्हणजे जागेवरून सरकलेलं, फ्रॅक्चर. मी दोन कोड दिले. मेटाटार्सलच्या फ्रॅक्चरसाठी एस९२.३२२ए आणि टार्सोमेटाटार्सल (टीएमटी, म्हणजेच लिसफ्रँक; मेटाटार्सल पावलाच्या मधल्या हाडांना जुळतात तो) सांधा निखळला म्हणून एस९३.३२५ए. ऑडिटने दुसरा कोड काढून टाकला.

दुसरं. असाच पेशंट, पण हाड न मोडता नुसता सांधा निखळलेला. इमर्जन्सीत सांधा बसवून स्प्लिंट घातला, चार दिवसांनी दुसऱ्या सर्जनने ऑपरेशन करून स्क्रू टाकले. माझ्याकडे ऑपरेशनचा चार्ट होता. पेशंट दुसऱ्यांदा आला म्हणून कोडच्या शेवटी येणारं सातवं अक्षर डी लावलं. ऑडिट म्हणतं ए.

तिसरं. डॉक्टरांनी इम्प्रेशनच्या ओळीत 'डाव्या पावलाचं डिसलोकेशन' एवढंच लिहिलं होतं. पण त्यांच्याच नोटमध्ये वर तपासणीत 'टीएमटी सांधा निखळलेला, रिड्यूस केला' असं स्पष्ट होतं. मी एस९३.३२५ए दिला. ऑडिटने तो बदलून अनस्पेसिफाइड, म्हणजे एस९३.३०५ए केला.

पहिलं का पटत नाही तेही सांगते. माझे मामा तीन वर्षांपूर्वी स्टेशनच्या जिन्यावरून घसरले, पाऊल खाली दुमडलं. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे 'मुरगळलाय' म्हणून क्रेप बँडेज बांधून पाठवलं. तळव्यावर निळं उमटलं होतं, ते कोणी बघितलं नाही. दीड महिन्याने उभं करून एक्स-रे काढला तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधली फट दिसली. पूर्वी तलावपाळीला रोज चार फेऱ्या मारणारे मामा आता एका फेरीनंतर कट्ट्यावर बसतात. त्यामुळे डॉक्टरांनी 'डिसलोकेशन' लिहिलेलं असताना ते कोडमधून पुसलं जातं, हे मला सहन होत नाही. हाडापेक्षा तिथला सांधाच माणसाला जन्मभर छळतो. मग तो कोडमध्ये का दिसू नये?

ऐरोली_ऑडिटर:

ताई, प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो. नऊ वर्षं याच कामात आहे.

पहिल्यात ऑडिट बरोबर आहे. तुम्ही बहुतेक थेट टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत, गेलात. आधी इंडेक्स, म्हणजे शब्दांची वर्णानुक्रमे सूची, उघडा. 'डिसलोकेशन' या शब्दाखाली 'विथ फ्रॅक्चर' अशी नोंद आहे आणि ती 'सी फ्रॅक्चर' म्हणून तुम्हाला फ्रॅक्चरकडे पाठवते. त्याच जागी हाडही मोडलं आणि सांधाही निखळला, तर ती एकच दुखापत धरायची आणि कोड फ्रॅक्चरचा. दुसऱ्या मेटाटार्सलचा बेस म्हणजे टीएमटी सांध्याचाच भाग, त्यामुळे तिथे एस९३.३२ वेगळा लावता येत नाही. जागा वेगळी असेल तर गोष्ट वेगळी. टाचेचं हाड मोडलंय आणि टीएमटी निखळलाय, तर दोन्ही कोड द्या. आणि दुसऱ्याबरोबर तिसरा मेटाटार्सलही मोडला असेल तर एस९२.३३२ए विसरू नका, प्रत्येक फ्रॅक्चर स्वतंत्र लिहायचं असतं. ट्रेनी तिथे हमखास चुकतात.

दुसऱ्यातही ऑडिट बरोबर. ए, डी, एस ही अक्षरं 'कितवी भेट' सांगत नाहीत. ए म्हणजे दुखापतीवर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत. डॉक्टर नवा की जुना, पेशंट पहिल्यांदा आला की पाचव्यांदा, याने काही फरक पडत नाही. ऑपरेशन हा प्रत्यक्ष उपचार, म्हणून ए. पुढे टाके बघायला, कास्ट बदलायला, स्क्रू काढायला येईल तेव्हा डी. त्या भेटींना आफ्टरकेअरचे झेड कोडही लावू नका, दुखापतीचाच कोड डी लावून चालवायचा. फ्रॅक्चरमध्ये ही अक्षरं वाढतात: ओपन असेल तर बी, उशिरा जुळत असेल तर जी, न जुळल्यास के, वाकडं जुळल्यास पी. डिसलोकेशनला फक्त तीन.

तिसऱ्यात मात्र तुम्ही बरोबर आहात. इम्प्रेशनची ओळ म्हणजे अख्खी नोट नव्हे. त्याच डॉक्टरने त्याच भेटीच्या नोटमध्ये सांध्याचं नाव लिहिलंय आणि विसंगती काही नाही, तर अनस्पेसिफाइड देण्याचं कारणच उरत नाही. रिबटल (ऑडिटवर लेखी हरकत) टाका, नोटमधली ती ओळ उद्धृत करा. घाबरू नका, रिबटलमुळे कोणी नाराज होत नाही.

कळवा_फिजिओ:

मनापासून आभार सर. इंडेक्सचं खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं, अ‍ॅनाटॉमी येते म्हणून मी सरळ टॅब्युलर उघडत होते. अजून एक विचारू का? एका सराव-चार्टमध्ये रेडिओलॉजिस्टने 'फ्लेक साइन' लिहिलंय आणि ऑर्थोच्या डॉक्टरांनी नुसतं 'लिसफ्रँक इंजुरी'. फ्लेक म्हणजे हाडाचा तुकडाच ना? मग हे फ्रॅक्चर धरायचं?

ठाणे_ऑर्थो:

मी कोडिंगमधला नाही, हाडांचा डॉक्टर आहे. पण हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

लिसफ्रँक लिगामेंट आतल्या बाजूच्या क्युनिफॉर्मपासून (पावलाच्या मधल्या एका हाडापासून) दुसऱ्या मेटाटार्सलच्या बेसपर्यंत तिरकं जातं. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या बेसना जोडणारं लिगामेंट निसर्गाने दिलेलंच नाही, म्हणून सगळा भार या एकावर. ते तुटताना कधीकधी हाडाची बारीक कपची घेऊन येतं, तीच फ्लेक. डॉक्टर म्हणून मी तिला अ‍ॅव्हल्शन फ्रॅक्चर म्हणेन. पण आमच्या हातून आळसाने 'लिसफ्रँक' एवढंच लिहिलं जातं, हे कबूल करतो. नेपोलियनच्या सैन्यातल्या त्या फ्रेंच सर्जनचं नाव आम्ही लिगामेंट ताणलं, सांधा निखळला, हाड मोडलं, सगळ्यालाच लावतो.

तुमच्या मामांबद्दल वाईट वाटलं. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ही फट लपू शकते, वजन देऊन काढला की उघडी पडते. तळव्यावरचं निळेपण दिसलं की मी ही दुखापत नाकारेपर्यंत पेशंटला सोडत नाही.

ऐरोली_ऑडिटर:

डॉक्टर, उलगडून सांगितल्याबद्दल आभार. ताई, म्हणूनच तिथे स्वतः अर्थ लावायचा नाही. फ्लेकवरून 'फ्रॅक्चर' ठरवणं कोडरचं काम नाही, तुम्ही फिजिओ असलात तरीही. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवा. लिगामेंट ताणलं असेल तर डाव्या पावलाला एस९३.६२२, सांधा थोडा सरकला म्हणजे सबलक्सेशन तर एस९३.३२२, पूर्ण निखळला तर एस९३.३२५, हाड मोडलं तर एस९२ मध्ये. डॉक्टरच्या एका शब्दावर घर बदलतं. लक्षात ठेवायला सोपं: एस९३.३२ मध्ये सबलक्सेशनच्या शेवटच्या आकड्यात ३ मिळवले की त्याच पायाचं डिसलोकेशन.

आणि ओपीडीच्या चार्टमध्ये 'प्रोबेबल', 'रूल आउट' असं लिहिलं असेल तर निदान कोड करायचंच नाही, दुखणं कोड करा. डाव्या पावलाच्या वेदनेला एम७९.६७२.

घणसोली_क्लेम:

मध्येच विचारतो. मी इथल्या हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कला आहे. आमच्या फॉर्मवर एस९३.३ एवढंच चालतं. हे डावं-उजवं, ए-डी आम्हाला कुठे दिसत नाही?

ऐरोली_ऑडिटर:

तुम्ही जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरता. 'सीएम' ही अमेरिकेने तिच्यावरून वाढवलेली आवृत्ती, तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. बाजू आणि सातवं अक्षर ही तिची भर. दोन्हींची सरमिसळ करू नका, क्लेम अडकेल.

कळवा_फिजिओ:

अपडेट. तिसऱ्याचा रिबटल मान्य झाला, चूक काढून टाकली. पहिल्या दोन माझ्याच, त्या मी वहीत कारणासकट लिहून ठेवल्या.

काल मामांची फाइल मागून घेतली. हाड कुठेच मोडलं नव्हतं. ऑर्थोच्या डॉक्टरांनी शेवटच्या कागदावर लिहिलंय: उजव्या पावलाचं जुनं लिसफ्रँक डिसलोकेशन, त्यामुळे पोस्ट-ट्रॉमॅटिक आर्थ्रायटिस. सराव म्हणून कोड करून बघितलं. आधी आजचा त्रास, एम१९.१७१. त्यानंतर मूळ दुखापत, सिक्वेलाचं (जुन्या दुखापतीच्या मागे राहिलेल्या परिणामाचं) एस लावून, एस९३.३२४एस. सर, क्रम बरोबर आहे ना?

ऐरोली_ऑडिटर:

अगदी बरोबर.