फ्रेंचमधला फ्यूत्यूर प्रॉश (नजीकचा भविष्यकाळ): नकार, आत्मवाचक क्रियापदं आणि सर्वनामांची जागा

अवग्रह:
'आले' (जाणे) या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपं पाठ आहेत, त्यामुळे 'झ व्हे मांझे' (मी खाणार आहे) इथवर अडचण नाही. पुढे गोंधळ होतो. नकाराचे 'न' आणि 'पा' नेमके कुठे घालायचे? 'स लव्हे' (उठणे) असं क्रियापद आलं तर 'स' तसाच ठेवायचा की बदलायचा? शिवाय साधा भविष्यकाळ असताना हा कधी वापरायचा? 'नजीकचा' म्हणजे किती नजीकचा? फ्रेंच शब्द उच्चाराच्या जवळपास देवनागरीत लिहिलेत, चालवून घ्या.

धातुसाधित:
मराठीतलं '-णार आहे' समोर ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. जेवणार आहे, जेवणार आहेस, जेवणार आहेत: 'जेवणार' हलत नाही, पुरुष आणि वचन 'आहे' सांभाळतं. फ्रेंचमध्ये ती जबाबदारी 'आले'कडे: झ व्हे, त्यू व्हा, इल व्हा, नूझ-आलों, व्हूझ-आले, इल व्हों. त्यापुढे मुख्य क्रियापद मूळ रूपात, मग ते मांझे असो, फिनीर असो की प्रांद्र. अनियमित क्रियापदांची भीती इथे नाहीच. मधे 'आ' किंवा 'द'ही येत नाही. 'द' घुसतो तो 'व्हनीर द'मुळे. पण 'झ व्हिएं द मांझे' म्हणजे नुकतंच खाल्लं, काळ अगदी उलटा.

नकारही मराठीसारखाच. 'जेवणार नाही'मध्ये 'जेवणार'ला धक्का लागत नाही, तसेच 'न' आणि 'पा' फक्त 'आले'च्या रूपाभोवती बसतात: 'झ न व्हे पा मांझे'. 'पा' वाक्याच्या शेवटी ढकलणं ही सर्रास दिसणारी चूक. 'रिअँ' (काही नाही) 'पा'च्याच जागी येतो: 'झ न व्हे रिअँ मांझे'. 'पेर्सॉन' (कोणी नाही) मात्र मूळ रूपाच्या नंतर: 'झ न व्हे व्ह्वार पेर्सॉन', म्हणजे मी कोणालाही भेटणार नाही.

'जेवणार होतो' हवं असेल तर 'आले' अपूर्ण भूतकाळात न्या: 'झ'आले मांझे'. पासे कोंपोझे (सहायक क्रियापद आणि कृदंत मिळून होणारा भूतकाळ) इथे चालत नाही. 'झ स्वी आले मांझे' म्हणजे खरोखर उठून जेवायला गेलो.

तिरपी_मात्रा:
'स'बद्दल: तो बदलतो, आणि मूळ रूपाला चिकटून राहतो. झ व्हे म लव्हे, त्यू व्हा त लव्हे, इल व्हा स लव्हे, नूझ-आलों नू लव्हे, व्हूझ-आले व्हू लव्हे, इल व्हों स लव्हे. क्रियापद मूळ रूपात आहे म्हणून 'स'ही शब्दकोशातला तसाच ठेवला जातो, चूक तिथून सुरू होते.

कर्माची सर्वनामंही त्याच जागी: 'झ व्हे ल व्ह्वार' (मी त्याला भेटणार आहे). पासे कोंपोझे आधी शिकलेले 'ल' उचलून 'व्हे'च्या आधी ठेवतात, कारण 'झ ले व्ह्यू'मध्ये (मी त्याला पाहिलं) तो सहायक क्रियापदाआधी असतो. इथे नाही. 'इ' (तिथे) आणि 'आं' (त्यातलं) या सर्वनामांनाही हाच नियम. नकार असला तरी सर्वनाम जागा सोडत नाही: 'झ न व्हे पा ल व्ह्वार'.

लेखनातला सापळा वेगळाच. 'मांझे'चं मूळ रूप (शेवटी 'एर') आणि भूतकालवाचक कृदंत (शेवटच्या 'ए'वर तिरपी मात्रा) कानाला सारखेच, त्यामुळे 'व्हे'नंतर कृदंत लिहिलं जातं. शंका आली की तिथे 'व्हांद्र' (विकणे) घालून पाहा. 'झ व्हे व्हांद्र' जमतं, 'झ व्हे व्हांद्यू' कानाला खटकतं. म्हणजे 'एर'च हवा.

उभयान्वयी:
'नजीकचा' हे नाव फसवं आहे, घड्याळ बघू नका. दहा वर्षांनंतरची गोष्टही यात सांगता येते. प्रश्न असतो तो आजच्या स्थितीशी असलेल्या धाग्याचा. 'एल व्हा आव्ह्वार अं बेबे': तिला बाळ होणार आहे, म्हणजे ती गरोदर आहे. 'एल ओरा अं बेबे': तिला बाळ होईल, कधीतरी. ठरलेला बेत किंवा समोर दिसणारी चिन्हं (ढग दाटलेत, 'इल व्हा प्लव्ह्वार', पाऊस पडणार आहे) असली की फ्यूत्यूर प्रॉश. अंदाज, वचन, औपचारिक लेखन यांत साधा भविष्यकाळ जास्त शोभतो. बोलण्यात मात्र फ्यूत्यूर प्रॉशचं पारडं जड आहे.

धातुसाधित यांची '-णार आहे'ची तुलना आवडली, पण दोन ठिकाणी ती तोकडी पडते. 'कां' (जेव्हा) नंतर भविष्य सांगताना प्रमाण लेखनात साधा भविष्यकाळ घ्या: 'कां झ'आरीव्हरे, झ व्हे तापले', पोचलो की तुला फोन करणार आहे. 'सी' (जर) नंतर तर दोन्ही भविष्यकाळ बाद, तिथे वर्तमानकाळच. आणि दुसरं, 'झ व्हे आश्ते द्यू पँ' म्हणजे पाव विकत घेणार आहे की घ्यायला निघालोय? दोन्ही. संदर्भावरूनच कळतं.

अवग्रह:
मग 'आम्ही उठणार नाही' म्हणजे 'नू नालों पा नू लव्हे' ना? आणि 'मी जाणार आहे'ला 'झ व्हे आले' चालतं का? 'आले' दोनदा येतंय.

तिरपी_मात्रा:
दोन्ही बरोबर. 'झ व्हे आले' टाळायचं कारण नाही, पण ठिकाण आधी बोलण्यात आलं असेल तर 'झ व्हे इ आले'. पहिल्या वाक्यात 'नूझ-आलों'मधला झकार गेला, कारण मधे 'न' आला आणि तो स्वरापुढे आखडून 'आलों'ला चिकटला. रोजच्या बोलण्यात 'नू'ऐवजी 'ओं' ऐकाल. त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी आणि सर्वनाम 'स': 'ओं न व्हा पा स लव्हे'. तिथे अर्थ 'आम्ही' म्हणून 'नू लव्हे' लिहू नका. घाईत बोलताना 'न' गळतो, लिहिताना ठेवा.